आंबिया संपला की मृग

संत्र्याचा रस काढल्याकाढल्या गोडच लागतो. तोच ग्लास झाकून ठेवला आणि दुपारी तोंडाला लावला, तर जिभेच्या मुळाशी कडवटपणा येतो. तापवून बाटलीत भरला, तर तो आणखी लवकर येतो. रसात मुळात एक बेचव द्रव्य असतं. आंबटपणाच्या संगतीत ते बदलत जातं आणि त्याचं लिमोनिन होतं. ते कडू. या एवढ्याशा गोष्टीपायी माझी ऐन तिशी आर्वीजवळच्या रोहण्यातल्या एका जुन्या खताच्या गोदामात गेली.

गोदाम मामांच्या शेतकरी गटाचं होतं. मामा विजेच्या खात्यात लाइनमन. खांबांवर चढण्यात आयुष्य गेलं, पण त्या नोकरीतून त्यांनी जमीन घेतली आणि तिच्यात संत्र्याची झाडं लावली. आमच्या बौद्ध वस्तीतली ती पहिली बाग. माझे वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो. आई मला घेऊन भावाकडे आली आणि मी कॉलेजात असताना तीही गेली. मामा-मामींना मूल नव्हतं, मीच होतो. मला अमरावतीला अन्नतंत्रज्ञान शिकायला त्यांनीच पाठवलं. तो विषय नेमका काय असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि खरं म्हणजे मलाही नव्हतं.

रिटायर झाल्यावर त्यांनी आजूबाजूच्या बागाईतदारांना जमवून गट काढला. बारीक फळाला व्यापारी विचारत नाही, त्याचा रस काढून विकू, असा विचार. यंत्रं आली. जामच्या चौरस्त्यावर हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात, तिथल्या हॉटेलांत बाटल्या ठेवल्या. थोड्याच दिवसांत एका हॉटेलवाल्याने पेटी परत दिली.

"घेऊन जा भाऊ हे. गिऱ्हाईक इचारते, निंबोळ्या पिळल्या काय म्हनून."

मी तेव्हा नागपूरला एका तात्पुरत्या प्रकल्पावर होतो. नुकतंच लग्न झालं होतं. मामांचा फोन आला, "येऊन पाह्य बरं जरा. एक बहार पाह्य फक्त."

एक बहार म्हणून मी आलो.

आमच्याकडे संत्र्याचे दोन बहार. आंबियाची फळं दिवाळीच्या मागेपुढे उतरतात, मृगाची होळीच्या सुमारास. गटात दोन्ही बहारांच्या बागा होत्या. एका बहाराच्या रसावरचं काम हातावेगळं होतं न होतं तोच दुसऱ्याच्या फळांवर रंग चढू लागायचा. बाहेरच्या माणसाला वाटेल, किती छान. मला ते एखाद्या फिरत्या दारासारखं झालं होतं. एक झडप उघडी दिसते तोवर दुसरी मागून पाठीला लागते.

गोदामाच्या मागच्या खोलीत माझी प्रयोगशाळा होती. एक फ्रीज, एक जुना इन्क्युबेटर, निर्जंतुक करायला मामींचा मोठा कुकर, आणि भिंतीकडे उघडणारी खिडकी. खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजारच्या कापूस-जिनिंगवाल्याची भिंत लागायची. कल्पना साधी होती. बागेत गळलेली फळं ज्या जागी वर्षानुवर्षं सडतात, तिथल्या मातीत लिमोनिन खाऊन जगणारे जिवाणू असणार. ते शोधायचे, वाढवायचे, त्यांच्याकडून ते काम करणारं एन्झाइम काढायचं आणि रसात वापरायचं. पाठ्यपुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. मामा त्याला 'तुहं ते औषध' म्हणत.

माती गोळा केली, जिवाणू मिळाले. पहिल्या आंबियात चंचुपात्रातल्या पाण्यात त्यांच्या एन्झाइमने कडूपणा खाऊन टाकला तेव्हा मी खोलीतल्या खोलीत नाचलो होतो. मग तेच रसात टाकलं आणि काहीच झालं नाही. रस आंबट, आणि आंबटपणात ते एन्झाइम झोपी जात होतं. पुढच्या मृगात मी ते समुद्री शेवाळाच्या डिंकाच्या गोळ्यांत बंद करून पाहिलं. पांढऱ्या, बारीक, गुळगुळीत गोळ्या. मामींनी डबा उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "साबुदाना भिजू घातला काय रे? उपासगिपास कवापासून धरला?"

त्या गोळ्यांतून रस हळूहळू सोडला की थोडा फरक पडायचा. ग्लासभर रसात पडायचा. मोठ्या नळीत घातल्या की संत्र्याच्या चोथ्याने वाट बुजायची आणि अख्खा दिवस नळी धुण्यात जायचा. शिवाय जिवाणूंचं एन्झाइम खाण्याच्या वस्तूत वापरायचं तर परवानगी लागते. ती मिळेपर्यंत त्या रसाचा थेंबही विकायचा नाही, हे मी गटाला पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली. आणि सगळ्यांनी विचारलं, "मंग पुढच्या बहाराले होईन ना?"

"पाहू," मी म्हणालो.

हा 'पाहू' मी किती वेळा म्हणालो असेन!

माझी बायको नाशिक जिल्ह्यातली. आम्ही अमरावतीलाच भेटलो, ती नर्सिंगला होती. लग्नानंतर ती रोहण्याला राहिली, मामींबरोबर विहारात वंदनेला जायची, वऱ्हाडी बोलायचा प्रयत्न करून सगळ्यांना हसवायची. मग तिला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात जागा मिळाली. जाताना स्टेशनवर ती म्हणाली, "तुझा बहार संपला की ये." मामांसमोर ती मला अहो-जाहो करायची, एरवी अरे-तुरे.

मुलगी झाली ती नाशिकला. मी जायचो तेव्हा संत्र्यांची पिशवी घेऊन जायचो. मुलगी चालायला लागल्यावर एकदा गेलो, तर दार उघडताच ती धावत आली आणि माझ्याकडे न येता पिशवीकडे गेली. एक फळ काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि मग वर माझ्याकडे पाहिलं, दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. बायको स्वयंपाकघरातून पाहत होती. जेवताना ती म्हणाली, "इथल्या त्या फळांच्या कंपनीनं पुन्हा विचारलंय. प्रयोगशाळेत जागा आहे म्हणाले. मागच्या खेपेला तू उत्तरच दिलं नाहीस."

"एवढा मृग होऊ दे."

"तू एवढा बहार म्हणतोस ना, तेव्हा मी आता ऐकतच नाही," ती म्हणाली. चिडून नाही, सहज म्हणाली, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी परत आलो. का आलो, हे मी तेव्हा कुणाला नीट सांगू शकलो नसतो. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. पण सकाळी मामा माझ्याआधी गोदामात जायचे, कुलूप उघडायचे, खोलीतला पंखा लावून ठेवायचे. गुडघ्यांनी त्यांना छळायला सुरुवात केली होती. तरी ते पाय ओढत यायचे. मी बाटल्या धुताना ते दारात खुर्ची टाकून बसत. काही विचारत नसत. दुपारी मामी डबा घेऊन यायच्या. रविवारी विहारात वंदना झाली की बाहेर चपला घालताना लोक मामांना म्हणायचे, "तुमचा भासा सायंटिस्ट झाला अन् गावातच राह्यला, हे बेस झालं." मामा नुसते हसायचे. त्या हसण्याकडे पाहून मला वाटायचं, मी गेलो तर हा माणूस या खुर्चीत बसून कोणाकडे पाहील? मग मी रात्रीच्या जेवणात दुसरी भाकर मागून घ्यायचो आणि नाशिकचा विषय गिळून टाकायचो.

त्या गिळण्याची सवय होते. खोलीत फ्रीज घरघरायचा, मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचो, रस काढायचो, तापवायचो, ठेवायचो, चाखायचो. कडू. दिवसातून इतका कडू रस तोंडात जायचा की मामींच्या हातचं जेवणही मला बेताचंच लागू लागलं. एकदा आर्वीच्या बाजारात एका जुन्या वर्गमित्राने विचारलं, "अजून इथेच?" मी म्हणालो, "हो, काम चालू आहे." त्याने सहानुभूतीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात झटकावासा वाटला.

कामात बदल आला तो विसरलेल्या फळांनी. आंबियाची तोडणी होऊन बरेच दिवस झाले होते, थंडी पडली होती. मामांच्या बागेतल्या एका झाडाच्या आतल्या फांदीवर तोडणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली काही फळं होती. साल जरा सैल, रंग गडद. मी ती सहज घेऊन आलो, रस काढला, तापवला, ठेवला. दुसऱ्या दिवशी चाखला. पुन्हा चाखला. कडू नव्हता. मी मामींना बोलावलं, त्यांनी चाखला.

"चांगला हाये की," त्या म्हणाल्या. "साखर घातली काय?"

घातली नव्हती. फळ झाडावर पूर्ण पिकू दिलं, तर त्याच्या आतलंच एक एन्झाइम त्या कडू होऊ पाहणाऱ्या द्रव्याला साखरेचा एक कण जोडून देतं आणि मग ते कडू होऊ शकत नाही. हे मी एम.एस्सी.च्या वर्गात शिकलो होतो आणि परीक्षेत लिहिलंही होतं. पण गटाकडे येणारी फळं लवकर तोडलेली असायची, व्यापाऱ्याच्या सोयीने, आणि मी ते तसंच गृहीत धरून चाललो होतो.

पण याची एक किंमत होती. आंबियाच्या झाडाला फळं उतरल्यावर पाणी तोडून ताण द्यावा लागतो, तेव्हा पुढची फुलं येतात. फळं झाडावर ठेवली, तर ताण देता येत नाही, पुढचा बहार जवळजवळ बुडतो. शिवाय फळांची गळ आहे, पाखरं आहेत. पुढच्या दिवाळीच्या आधी मी हे गटाच्या बैठकीत सांगितलं. एक जण म्हणाला, "म्हनजे एक बहार घ्यायचा अन् एक सोडाचा? हे कोन करन बाप्पा?" मामा उठून उभे राहिले, गुडघ्यावर हात ठेवून.

"माही एक ओळ ठेवतो मी," ते म्हणाले. "विहिरीकडची."

विहिरीकडची ओळ म्हणजे त्यांची सगळ्यात जोमदार झाडं. मला 'नाही' म्हणावंसं वाटलं. पण प्रयोगाला चांगलीच झाडं हवी होती, आणि मी ती ओळ वहीत लिहून घेतली.

सगळ्या बागा तोडून झाल्या, मामांची ती ओळ लालसर फळांनी लगडलेली उभी राहिली. रस्त्याने जाणारे विचारायचे, "मामा, तोडाची विसरली काय?" फळं गळू लागली. रोज सकाळी मामा खाली पडलेली वेचून बाजूला टाकत. पण जी राहिली, त्यांचा रस आम्ही संक्रांतीनंतर काढला, तापवला, बाटल्यांत भरला. आठवडे गेले. मी रोज एक बाटली उघडायचो. गोड. जामच्या त्याच हॉटेलवाल्याला एक बाटली नेऊन दिली. त्याने अर्धी प्यायली, ओठ पुसले आणि विचारलं, "पेटी कवा आनता?"

मला आनंद व्हायला हवा होता. गटाचे लोक गोदामात आले, पाठ थोपटली. आणि मग तिथेच, माझ्यासमोर, ते पुढचं बोलू लागले. आता पुढच्या वर्षी चार बागांत करून पाहू. हलक्या जमिनीत कसं होते ते पाहा लागन. मृगाच्या फळाले हे चालते की नाई, तेही पाहा लागन. "तीन-चार साल लागतीन, पन होईन," एक जण म्हणाला, "सायंटिस्ट आपला घरचाच हाये."

मी बाहेर आलो. घरी गेलो. मामी अंगणात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसलो आणि मला रडू आलं. मोठ्या माणसाला येतं तसं नाही, मुलाला येतं तसं. मामींनी शेंगांचं सूप बाजूला केलं.

"काय झालं रे? रस कडू झाला काय?"

"नाही मामी. गोड झाला."

"मंग कायले रडून राह्यला?"

"मला जायचंय," मी म्हणालो. "मला पोरीजवळ जायचंय."

मामींनी पदराने हात पुसले. मग त्यांनी विचारलं, "मंग गेला काऊन नाई?"

"मामांनी एवढं सगळं माझ्या भरवशावर..."

"तुह्या भरवशावर?" मामींचा आवाज चढला. "अरे, यायनं त दोन सालाआधीच बंद कराचं ठरवलं होतं ते युनिट. गुडघे उठू देत नाईत, गटाच्या लोकांचे बोल आयकाचे. मले म्हने, बंद केलं त भासा काय करन? नागपूरचं काम सुटलं, त्याले कोनी घेऊन नाई राह्यलं, बायको तिकडे. इथे निदान खोली हाये, काम हाये. तुह्यासाठी चालू ठेवलं रे यायनं!"

मी नाशिकच्या बोलावण्याबद्दल त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. दोघांनाही नाही.

मी तसाच बागेत गेलो. मामा विहिरीकडच्या ओळीत होते, फळं उतरलेल्या झाडांच्या सुकलेल्या फांद्या कैचीने छाटत होते. मी सरळच सांगितलं. नाशिकहून बोलावणं आलं होतं, एकदा नाही, अनेकदा आलं होतं. मी गेलो नाही, कारण तुम्ही एकटे पडाल असं वाटलं.

मामांनी कैची खाली ठेवली. मला वाटलं, ते मला जवळ घेतील. त्यांचा चेहरा लाल झाला.

"म्हनजे तुले काम होतं?"

"हो."

"अन् तू मले सांगतलं नाई?"

"मामा..."

"म्या ह्या गुडघ्यानं रोज त्या गोदामात कायले जात होतो मंग? तुह्या खोलीतला पंखा लावाले? मले वाटे, पोट्टा शिकून बसला, त्याले लोकांसमोर कमीपना वाटू नोये. लोक म्हनत, भासा गावात राह्यला, बेस झालं, अन् माह्या पोटात तुटे. म्या हसो. मले इचारलं असतं त म्या म्हटलं असतं, जाय. लगेच म्हटलं असतं."

"तुम्हीही मला विचारलं नाही, मामा."

त्यांनी कैची उचलली आणि पुढच्या झाडाकडे गेले. मी उभा होतो. दार कधी लागलेलंच नव्हतं, हे कळल्यावर माणूस धावत सुटेल असं वाटतं. मी मामांनी छाटलेल्या फांद्या गोळा करू लागलो. इतके बहार आम्ही दोघांनी एकमेकांसाठी फुकट रोखून धरले होते, आणि त्याबद्दल आभार मानायचे की भांडायचं, हे दोघांनाही कळत नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत. ताटावर शेजारी बसायचे, मीठ हवं असलं तर मामींना मागायचे. मामी एकदा वैतागून म्हणाल्या, "म्या काय तुमच्या दोघांची टपालवाली हावो?" तरी कोणी हसलं नाही. गोदामात त्यांनी येणं सोडलं. पंखा मीच लावायचो. मृगाचा बहार आला, आणि मी तो पूर्ण केला. कोणी सांगितलं म्हणून नाही. ज्यांनी विश्वास ठेवला त्यांना कळायला हवं होतं की मृगाच्या फळाचं काय होतं. मृगाच्या उशिरा तोडलेल्या फळांचा रसही कडू झाला नाही, पण उन्हाने गळ इतकी झाली की कोणी ते करू धजणार नव्हतं. बैठकीत मी ते जसं होतं तसं सांगितलं. आंबियात जमेल त्याने थोडी झाडं ठेवावीत, जमत नसेल त्याने ताजं फळच विकावं. माझ्या त्या गोळ्यांतल्या एन्झाइमचं काही झालं नाही, हेही सांगितलं. मग मी म्हणालो, मी नाशिकला जातोय.

दारातून आवाज आला, "जाऊ द्या त्याले. लेकरू हाये त्याचं तिकडे." मामा कधी येऊन उभे राहिले होते कोणाला कळलं नव्हतं.

नाशिकच्या कंपनीने मला आता चटकन घेतलं नाही. ती जागा भरली होती. काही महिने मी घरीच होतो. मुलीला शाळेत सोडायचो, भाजी आणायचो, आणि बायको ड्यूटीवर गेली की रिकाम्या फ्लॅटमध्ये बसून राहायचो. तिथेही मला मोकळं वाटायला वेळ लागला. कोणी फोनवर काही मागितलं की माझ्या तोंडून 'पाहू' निघायचं. बायको म्हणायची, "हो किंवा नाही, यातलं काहीतरी म्हण." आता एका लहान प्रयोगशाळेत आहे, लोणची आणि मुरंब्यांची तपासणी करतो. काम साधं आहे. गटाचं युनिट बंद झालं. गोदामात आता कोणीतरी तूर साठवतं. दोघातिघांनी आंबियात उशिराची एकेक ओळ ठेवली आहे असं ऐकतो.

मागच्या हिवाळ्यात मामा-मामी आमच्याकडे आले. मामांच्या गुडघ्यांची तपासणी करायची होती, बायकोने तिच्या दवाखान्यात सगळं ठरवलं होतं. मुलगी त्यांना सोडत नव्हती. मी मनात ठरवून टाकलं होतं की आता त्यांना इथेच ठेवायचं. त्यांच्यासाठी खोली लावली, उशा आणल्या, खिडकीला पडदे. मामी खूश होत्या. मामा सोफ्यावर बसून बाल्कनीच्या जाळीतून खाली उभ्या गाड्या पाहत राहायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "बेस हाये."

एका दुपारी मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

"मामा, खरं सांगा. राहायचं की जायचं?"

त्यांनी मामींकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"राग नोको धरू," ते म्हणाले. "कोंडल्यासारखं होते रे इथे."

"कधीचं तिकीट काढू?"

"उद्याचं भेटन काय?"

मी मोबाइल काढला. उद्याचं मिळालं नाही, परवाचं मिळालं. मामी दोघांवरही रागावल्या, पण संध्याकाळी त्यांनी पिशव्या भरायला घेतल्या, आणि मामा मुलीला मांडीवर घेऊन खांबावर कसं चढतात ते सांगत बसले.